कपाळापर्यंतचा हात

वृषालीची आठवण येते ती आधी आवाजातून. बारामतीच्या कॉलेजातली तिची संशोधनाची मागची खोली, भिंतभर मांडलेल्या काचेच्या टाक्या आणि प्रत्येक टाकीतून चाललेली हवेची बारीक बुडबुड; जणू सगळी खोलीच झोपेत श्वास घेत असावी. खिडकीतलं सकाळचं ऊन पाण्यातून गाळल्यासारखं तिच्या अंगावर पडे. बोटाच्या पेराएवढे, निळ्या पट्ट्यांचे मासे वळले की तो उजेडही तिच्या खांद्यावरून वळत जाई. त्या हलत्या उजेडात एकच गोष्ट हलत नसे, तिचं उजवं कोपर. छातीशी दुमडलेलं, काहीतरी जपून धरल्यासारखं.

मी तिचा मामा. भिगवणला, धरणाच्या फुगवट्याच्या काठी माशांचा धंदा करतो. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आज लिलावात माझा शब्द चालतो. तो चालतो या अंगठ्याच्या जोरावर. माशाच्या पाठीवर अंगठा दाबायचा आणि उचलायचा. खळगा भरून आला तर माल ताजा, राहिला तर शिळा. मग समोरच्यानं कितीही शपथा घेतल्या तरी मी ऐकत नाही.

वृषाली बारा वर्षांची असताना शेळगावात, माझ्या बहिणीच्या दारात, सायकलवरून पडली. कोपरावर टेंगूळ आलं, ते उतरेना. इंदापूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "हिच्या हाताला कुणी हात लावू नका. पुण्याला दाखवा." गोळी नाही, मलम नाही. मी दवाखान्यातच भांडलो. घरी येऊन त्या टेंगळावर अंगठा दाबला. खळगा पडलाच नाही. "गाठ धरलीया, चोळली की सुटंल," मी बहिणीला सांगितलं, आणि रोज सकाळी कोमट तेलानं मीच तो हात चोळला, ओढला, सरळ करू पाहिला. ती दात आवळून छपराच्या पत्र्यातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशाकडे बघत राही. उन्हाळा सरता सरता हात होता तिथंच थिजला. त्या डॉक्टरला मी पुढं कित्येक वर्षं शिव्या घातल्या. हात न लावता माघारी धाडणारा माणूस!

ती मात्र वाढत गेली, एका अंगानं झाड वाढावं तशी. लिहिणं, वेणी, भाकरी, सगळं डाव्या हातानं. बोलता बोलता कपाळावरची बट मागं सारायला तो हात वर जाई तेव्हा पाण्यावरून बगळा उठल्यासारखा वाटे, इतका हलका, इतका बिनआवाज. पुढं तिला आपल्या आजाराचं नाव कळलं. जिथं मांस असायचं तिथं हाड धरतं, असा आजार. आणि तो ज्यांच्यात उतरवून अभ्यासता येतो, ते हे पट्टेवाले मासे तिनं आपल्या आयुष्याला जोडून घेतले.

एकदा ओढ्यातले तसेच जिवंत मासे बादलीभर धरून मी बारामतीला नेले. सगळी वाट बादली मांडीवर सांभाळली होती. तिनं दारातच अडवलं.

"मामा, हे आत न्हाय घेता येणार."

"का? माझा माल नासका हाय?"

"तुमचा माल एक नंबर हाय. पण यांचं घराणं मला ठाऊक न्हाय. बाहेरची रोगराई आत आली तर माझे सगळे मासे जातील."

"घराणं? सोयरिक करायची हाय का माशाशी?"

ती हसली. मी नाही हसलो. बादली पुन्हा ओढ्यात रिकामी केली आणि उसाची तोड संपेपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

शेवटी तिनंच बोलावलं. सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. काचेसारखं आरपार पिल्लू, आतली हाडं रंगानं लाल केलेली. मणी ओवल्यासारखा सरळ कणा. मग दुसरं पिल्लू. तिथं माळ कुठंतरी तुटली होती आणि लाल रंग मांसात सांडत गेला होता.

"माझ्यात हाय तोच दोष यात उतरवलाय," ती म्हणाली. "मी थेंबथेंब औषध घालते आन् हा लाल रंग थांबतो का बघते."

"माणसात कशानं वाढतं हे?"

टाक्यांची बुडबुड तेवढी चालू होती.

"मार लागला की," ती म्हणाली. "दाबलं, चोळलं की."

मी भिंगावरून डोळा काढला नाही. लाल रंग पाण्यात विरघळल्यासारखा दिसायला लागला.

"तुला कधीपासनं ठाऊक?"

"कॉलेजात शिकत हुते तवापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी भांडला असता, मामा. सोताशीच. त्यात मधी कोण पडणार?"

गेल्या हिवाळ्यात तिचा डावा खांदा आखडायला लागला. दूरच्या शहरात असं औषध आता माणसांना देऊन बघतात, तिथं ती निघाली. भिगवण स्टेशनवर, फुगवट्यावरून येणाऱ्या धुक्यात, आम्ही दोघं उभे होतो. बट कपाळावर आली. हात उठला आणि छातीशीच थांबला. बट मी मागं सारली.

"मामा, सौदा करा की," ती म्हणाली. "डाव्या हाताचा. खांद्यापर्यंत जरी उठला तरी चालंल मला."

"कपाळापर्यंत. त्याच्या खाली सौदा न्हाय."

"लई ताणताय."

"माल तसाच हाय."

गाडी हलली. खिडकीत तो हात छातीपर्यंत वर आला, तिथंच राहिला, आणि धुक्यानं पुढची उंची पुसून टाकली. तिथून तिचे फोन येतात. हात कुठवर जातो ते मी विचारत नाही, ती सांगत नाही.

रोज पहाटे लिलावात अंगठा सवयीनं माशावर जातो, खळगा पडतो, भरून येतो. काळही तसाच सगळ्यांवर दाबून पुढं जात असेल आणि माणसं पुन्हा भरून येत असतील. पण एका उन्हाळ्यात या अंगठ्याखाली जे दबलं नाही, ते टणकपण अंगठ्यातच राहिलं आहे, आणि तिची खिडकी जितकी लांब जाते तितकं ते जवळ लागतं.