अर्धा तुंबा

बा गेला त्या सकाळी सोमाजीभाऊ मागच्या दाराने आमच्या घरात आला आणि घोंगडीत काहीतरी गुंडाळून त्याच दाराने निघून गेला. मी तेव्हा नागभीडहून पोचले नव्हते. हे गिरजाआत्याने पाहिलं आणि चौथ्या दिवशी, भेटायला आलेली माणसं पांगल्यावर, मला सांगितलं. मग तिने भिंतीतली खुंटी दाखवली. बाचा तुंबा तिथे नव्हता.

आम्ही ढिवर. वाळलेला मोठा कडू भोपळा दोरीने कमरेला बांधून, त्यावर छाती टेकून बा तलावात जाळी टाकायचा. तोच तुंबा. आमच्या घरी माणूस गेला की दहाव्या दिवशी त्याचा तुंबा पाण्यात सोडतात, म्हणजे त्याचा जीव पाण्यातून सुटतो. तो जिवंत असताना तुंबा फुटला, तर त्या दिवशी चूल पेटत नाही. आणि गेलेल्याचा तुंबा कोणी ठेवून घेतला, तर त्याच्या हाताचं यश त्या माणसाकडे जातं, असं आत्या मानते.

"पेटीवाल्याले तुंबा काऊन पाह्यजे?" ती म्हणाली. "तो त गुडघाभर पान्याले भेते."

सोमाजीभाऊ दंडारीचा, म्हणजे नाच-गाण्याच्या नाटकमंडळीचा, मालक. पीक निघालं की गावोगाव त्याच्या दंडारीचे खेळ होतात. तो पेटी वाजवतो आणि त्याच्या शेजारी बसून माझा बा, इस्तारी, वीस वर्षं वाजवत आला होता. आधी तुणतुणं, मग गिटार. नागभीड स्टेशनावरच्या एका गोवेकर गार्डाने बदली झाली तेव्हा ती गिटार बाला दिली होती. मी शाळेत शिकवते, पुस्तकं वाचते. हाताचं यश तुंब्यातून जातं यावर माझा विश्वास नाही. पण आत्याचा प्रश्न घेऊन मी घरभर पाहायला लागले.

शंका एकदा आली की घरातली प्रत्येक वस्तू वेगळी दिसायला लागते. जाळ्यांजवळ घासलेटचा एक रिकामा डबा होता, तोंड लाखेने बंद केलेला, कानाला दोरी बांधलेली. दसऱ्याला मी आले तेव्हा तो कशाला म्हणून विचारलं होतं, आणि बा नुसतंच ‘जाळ्याले’ म्हणाला होता. गिटारही जागेवर नव्हती. माळ्यावर तिची पाठ सापडली. फक्त पाठ, सपाट लाकडाची, कडेने सुरीने सोडवून काढलेली. आतल्या बाजूला चिंध्या आणि तणस, धानाचा पेंढा, चिकटलेलं होतं. एखाद्या जनावराची सोलून ठेवलेली कातडी पाहावी तसं मला वाटलं. मी ती पुन्हा माळ्यावर, आत्याला दिसणार नाही अशी ठेवली.

सहाव्या दिवशी लटारू आला. तो भोंगा आणि बॅटरी बैलगाडीत घालून लग्नांना, खेळांना भाड्याने देतो. बसला, चहा घेतला, बाबद्दल चांगलं बोलला, आणि उठताना त्याने घरात कुठे तांब्याची तार पडली आहे का म्हणून विचारलं. मी तुंब्याचं विचारलं. तो कपाकडे पाहत राहिला आणि सोमाजीभाऊलाच विचारा म्हणाला. एका मासेमाराच्या तुंब्यासाठी एक माणूस मागच्या दाराने येत असेल आणि दुसरा एवढं सांभाळून बोलत असेल, तर त्यांनी काहीतरी केलं आहे हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

नवव्या दिवशी सकाळी मी चालत सोमाजीभाऊच्या गावाला गेले. तीन कोस धानाच्या बांध्यांमधून. तो अंगणात पेटीचा भाता चिकटवत बसला होता. मला पाहून उठला नाही.

"भाऊ, बाचा तुंबा द्या," मी म्हटलं. "उद्या दहावा हाय."

त्याने भाता बाजूला ठेवला. मग आत गेला आणि घोंगडी घेऊन आला. आत गिटार होती. पुढून तीच, गार्डाची, काळी नक्षी असलेली. मागे मात्र पाठीच्या जागी अर्धा तुंबा बसवलेला होता, आणि त्याच्या पोटावर तापल्या सळईने डागलेले तीन ठिपके होते. बाची खूण. गावात प्रत्येक ढिवराची खूण वेगळी असते.

मी विचारलं, कापला कोणी.

"त्यानंच," सोमाजीभाऊ म्हणाला.

गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही सांगता येतं. मी तसं बोलून दाखवलं. तो चिडला नाही. सगळं सांगायला त्याला वेळ लागला, कारण मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होते.

दोन वर्षांपूर्वी लटारूने भोंगा आणला. त्याआधी ढोलकी सुरू झाली की गिटार दुसऱ्या रांगेतही पोचत नसे. लटारूने नागपूरच्या भंगारातून पलटणीच्या फोनचा कानाला लावायचा तुकडा आणला, गिटारीच्या आत चिकटवला आणि तांब्याची तार भोंग्याला जोडली. पण आवाज वाढवला की गिटार आपोआप किंचाळायची. भोंग्यातला आवाज परत येऊन तिच्या सपाट पाठीवर आदळे, पाठ ढोलकीच्या पुडीसारखी थरथरे, आणि ती थरथर पुन्हा तारेतून भोंग्यात जाई. बाने आत चिंध्या कोंबल्या, तणस कोंबलं. पाठ पोटाशी घट्ट दाबून वाजवलं. किंचाळणं कमी झालं, पण गिटारीचा आवाजही मेला. मंडळी हसली. पूर्ण पावसाळा तो त्यावरच विचार करत होता. मग एकदा तलावातून बाहेर आला आणि सोमाजीभाऊला म्हणाला की तुंबा गोल आहे, त्याला थरथरायला सपाट जागाच नाही, आणि पोटाला टेकतो तोही रुपयाएवढा.

"गोल पाठ मांडीवर टिकत नोहोती, घसरे," सोमाजीभाऊ म्हणाला. "मंग त्यानं तुंब्याचीच दोरी कमरेले बांधली, पान्यात बांधते तशी. लोक म्हनत, इस्तारी मांडवात पोहाले उतरला."

मी हसले नाही. गिटार उलटी करून मांडीवर घेतली. जिथे तुंबा लाकडाला भिडत होता तिथे जाळ्याच्या सुताने गाठी मारून, वर लाख ओतून तो पक्का केला होता. बा डावरा होता. त्याची गाठ उलटी पडायची. बाजारात लोक त्याचं जाळं त्यावरून ओळखत. मी एकेक गाठ पाहत गेले. सगळ्या उलट्या होत्या.

तेव्हा डबा कशाला होता ते मला समजलं. तुंबा कापल्यापासून बा घासलेटच्या डब्यावर पोहत होता.

"घरी काऊन नाई सांगतलं?"

"गिरजाबाईले कळू देऊ नका म्हने. मले जित्तेपनीच रडन म्हने ते." त्याने घोंगडीची घडी केली आणि पुन्हा मोडली. बाने तार बदलायला म्हणून गिटार घरी नेली होती, त्याच रात्री ताप भरला. दहा दिवसांत सगळं संपलं. आत्याच्या हाती लागायच्या आधी ती उचलावी एवढंच सोमाजीभाऊला सुचलं. मूल गावाकडचे दोन वाजवणारे तिचं माप घेऊन गेले आहेत, हेही त्याने सांगितलं. ते आता ढिवरांकडे तुंबे मागत फिरतात. मंगळवारी शंकरपट आहे, बैलांच्या शर्यती झाल्या की दंडार. वाजवणारा नवा मिळाला आहे.

"तुमी म्हनान त सोडा पान्यात," तो म्हणाला. "मी नाई म्हननार नाई."

वाजवून दाखवा म्हणावं, तर बॅटरी लटारूकडे. मी गिटार मांडीवर घेऊन बसून राहिले. ती सोडली तर पाण्याने फुगून दोन दिवसांत जाईल. नाही सोडली तर आत्या मरेपर्यंत म्हणत राहील की तिचा भाऊ पाण्यातच अडकला. बाला काय हवं होतं ते मला कळलं होतं, पण बाने ते आत्याला सांगायची हिंमत केली नव्हती, आणि ते काम आता माझ्यावर आलं होतं.

सोमाजीभाऊची बायको रुखमाबाई ओसरीत तांदूळ निवडत होती. निवडलेले तांदूळ ती एका खोलगट भांड्यात टाकत होती. मी उठून जवळ गेले. तो तुंब्याचा दुसरा अर्धा भाग होता. तडकू नये म्हणून त्याची कड सुताने बांधलेली होती. गाठी उलट्या.

मी मागितला. तिने तांदूळ पदरात ओतले, तो धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

दहाव्याला तलावावर आत्याने तो पाहिला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कापला ना सोमाजीनं?"

मी तिचं बोट धरून गाठींवर ठेवलं. ती बोट फिरवत पूर्ण कडेभोवती गेली, जिथून सुरुवात केली तिथपर्यंत आली, आणि पुन्हा एकदा गेली.

"डबा पाह्यला तवाच मले शक आला होता," ती म्हणाली. "इचारलं नाई."

मग दुसरा भाग कुठे आहे ते मी सांगितलं. भोंग्याचं, पाठीचं, कमरेच्या दोरीचं, सगळं.  वाकून तिने तुंबा पाण्यावर ठेवला आणि ढकलला. उघड्या तोंडाने तो डुलत गेला, कमळाच्या पानांना अडला, सुटला, पुढे गेला. आम्ही तो दिसेनासा होईपर्यंत उभ्या होतो.

"मंग ते खरंच वाजते?" आत्याने विचारलं. "का सोमाजी सांगते म्हनून?"

"मी नाई आयकलं."

तिने पदर डोक्यावरून घेतला. "सोमाजीवर माह्या भरोसा नाई," ती म्हणाली. "मंगळवारी जाऊन पाहू."