जळायला निघालेलं दार

"जळायलाच निघालेल्या दाराला एवढं पॉलिश कशाला, काकू?" मिस्त्रीने विचारलं.

काकूंचं फडकं थांबलं नाही. "चार लोक बघायला येणार. त्यांच्यापुढे असंच उभं करायचं का?"

हे दार आज तपासणीच्या भट्टीच्या तोंडावर बसणार होतं. पलीकडे तासभर आग, अलीकडे माणसं. आग अलीकडे आली नाही, तरच कारखान्याला अशी दारं विकता येणार होती. आणि तरच काकू दारांच्या कामावर राहणार होत्या.

मागच्या तपासणीतलं दार अर्ध्यातच हरलं होतं. दाराच्या कडेला खाचेत एक पट्टी बसते. उष्णता लागली की ती फुगते आणि फट बुजवते. त्या वेळी वरच्या कोपऱ्यात काकूंनी उरलासुरला तुकडा जोडला होता. घरी झिजलेला साबण नव्या वडीला चिकटवणारी बाई ती, वाया घालवणं रक्तातच नाही. नेमकी त्या जोडातूनच ज्वाळा बाहेर आली. काटकसर अंगाशी आली. मिस्त्री ओरडला नाही, एवढंच म्हणाला, "पुन्हा असं झालं तर तुम्ही पॅकिंगला." ओरडला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

या वेळी त्यांनी अख्खी पट्टी लावली. फटीतून कागद फिरवून पाहिला, मग पुन्हा फिरवला. आदल्या रात्री घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो."

भट्टी पेटली. काकूंची नजर वरच्या कोपऱ्यावरून हलेना. थोड्याच वेळात तिथूनच धुराची एक बारीक रेघ निघाली.

"काकू, तुमचा कोपरा," मिस्त्री हळूच म्हणाला.

"दिसतोय मला."

रेघ बारीक झाली, तुटली आणि बंद पडली. आत पट्टी फुगली होती. त्यानंतर भट्टी कितीही घुमली तरी दार जागचं हललं नाही. तास भरला तेव्हा तपासनीस साहेब घाम पुसत म्हणाले, "पास. अजूनही उभं राहिलं असतं हे."

सगळ्या कारखान्याने टाळ्या वाजवल्या. काकूंना रडू आलं आणि त्यांनी ते मुळीच लपवलं नाही. कौतुकाच्या बाबतीत एरवी हात आखडता घेणारा मिस्त्री म्हणाला, "पॅकिंगवाल्यांना दुसरं माणूस शोधायला सांगतो."

दार निवल्यावर उतरवलं. पाठ पार कोळसा झाली होती. पुढून मात्र काकूंचं पॉलिश तसंच चमकत होतं, फक्त वरच्या कोपऱ्यात बोटभर काजळी. आतून कसं टिकलं ते बघायला साहेबांनी करवत मागवली.

"जरा थांबा, साहेब," काकू म्हणाल्या.

मिस्त्रीने फडकं पुढे केलं. ज्या दारातून कधीच कोणी जाणार नव्हतं, त्याचा कोपरा काकूंनी स्वच्छ पुसला आणि मग त्या बाजूला झाल्या.