मुकादमाले आवतन

कंपनीनं यंदा फाटकाजवळ मोठ्ठा बोर्ड लावला. मटनाचा प्लांट कधी उभा झाला, कोनती मशीन कवा आली, सारं रंगवून ठेवलं. मुकादमाचं नावच नाई! मले असा राग आला का इचारू नका. तो नसता तर या लोकाईचं मटन डब्ब्यात भरलं असतं काय?

मुकादम म्हनजे आमचा बोकड. मी गोपिका, मौद्याकडची. प्लांटमधल्या बकऱ्याईचं चारा-पानी माह्याकडं. प्लांट नवा होता तवा ट्रकातून उतरलेल्या बकऱ्या कापायच्या गल्लीत पाऊलच टाकत नव्हत्या. मानसं ढकलून ढकलून थकत. एका ट्रकात नुकतंच झालेलं पिल्लू निंगालं. त्याले मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. एक दिवस ते उनाड पोट्टं गल्लीत घुसलं, तं अख्खा कळप त्याच्या मागून चुपचाप आत! तवापासून तेच त्याचं काम झालं. कळपाले आत न्यायचं, शेवटच्या फाटकावर कामाले असनाऱ्या चंपतरावभाऊनं बाजूची झडप उघडली का आपन बाहेर यायचं आन् मूठभर चने खायचे. म्हनून सारे त्याले मुकादम म्हनत.

मंग यंदा सरकत्या पट्ट्याची मशीन आली. बकऱ्या आपोआप आत जातीन म्हने. श्रीधरसाहेब आमचे मॅनेजर, नागपूरच्या महाल मोहल्ल्यातले. मटनाच्या कंपनीत केस पिकले, पन मटन कधी तोंडाले लावलं नाई. ते म्हनाले, "गोपिकाबाई, आता त्या बोकडालाही पाडव्याच्या लॉटमध्ये घाला."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाडवा म्हनजे आमच्याकडं मटनाचा सन. श्रावण सरलेला असते, दुकानापुढं ही मोठी लाइन लागते.

"काहून, साहेब?"

"वय झालं त्याचं. नुसता बसून खाईल."

"बसून खानारे हापिसात बी हायेत."

साहेब चष्मा पुसाले लागले, पन ऑर्डर काई फिरवली नाई. मले अन्न गोड लागेना. माह्या हातचं लेकरू ते, आन् त्याले मीच त्या लॉटमध्ये घालू?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलाचे खांदे शेकतात. लोन्यात हळद कालवून पळसाच्या पानानं खांद्याले लावतात आन् म्हनतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माह्या घरी आता बैल नाई, ट्रॅक्टर हाय. मी वाटी घेतली आन् सरळ प्लांटवर गेली. चहाच्या सुट्टीत साऱ्याईच्या समोर मुकादमाच्या खांद्याले लोनी लावलं.

"आज आवतन घ्या, मुकादम, उद्या जेवाले या!"

कोनी हासलं नाई. सारी शेतकऱ्याचीच लेकरं. चंपतरावभाऊनं मुकादमाले हात जोडले. "झालं गा! आवतन देल्लेल्या जिवासाठी मी तं कापायचं फाटक उघडत नाई."

साहेब धावत आले. "अहो, तो बैल नाही, बोकड आहे!"

"मंग तुमी उघडा," चंपतरावभाऊ म्हनाला.

साहेबानं फाटकाच्या कडीवर हात ठेवला खरा. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मुकादम त्याईचा शर्ट हुंगून राहिला होता. साहेबानं हात काढून घेतला. "न्या घरी. आणि परत आणू नका."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून त्याले घरी आनलं. पोळ्याले मुकादमानं पुरनपोळी खाल्ली, माह्या वाटची बी खाल्ली. शिंगाले मी गोंडे बांधले. पाडव्याच्या सकाळी पाहतो तं दोर चावलेला आन् मुकादम गायब! धावत प्लांटवर गेली.

तेथं ट्रकावर ट्रक उभे. पट्टा खडखड करत रिकामा फिरून राहिला होता, एक बकरी त्याच्यावर चढेल तं शपथ. आन् गल्लीच्या तोंडाशी गोंडे लावून आमचा मुकादम उभा.

"देवासारखा आला हो!" साहेब म्हनाले. "एकदा नेऊ द्या त्याला, गोपिकाबाई. मरेपर्यंत इथं ठेवतो, कोणी हात लावणार नाही."

खरं सांगू, मी हो म्हननारच होती. लेकराची नोकरी पक्की झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात मुकादमानं पाऊल पुढं टाकलं, आन् मागून अख्खा कळप हालला. आवाज नाई, ओरडनं नाई, नुसता इस्वासानं हालला. मी त्याच्या गळ्यातला दोर धरला.

"पाहुन्याले कामाले लावत नाई, साहेब."

"अहो, मग एवढ्या बकऱ्या आत नेणार कोण?"

"तुमचं तुमी पाहा. आता तो नाई नेत."

पन मुकादम माह्या मागून येईना. दोर वढला, चने दाखवले, "चाल ना बे" म्हनून शिव्या देल्ल्या. चारी पाय रोवून उभा. कोनाच्या मागं चालाले तो शिकलाच नव्हता. मी भर रस्त्यात रडली, लोकाईच्या देखत. मंग डोळे पुसले, त्याचं तोंड गावाकडं फिरवलं आन् आपनच मागं झाली.

तवा कुठं चालला. जरा चालला का थांबे, मान वळवून पाहे.

"चाल, मुकादम," मी म्हटलं. "येऊन राहिली मी."