मानसकन्या

"परत वाचा," मी म्हणाले.

लग्नवाल्यांनी चष्मा सावरला. ते शेजारच्या खिडकीवर लग्नाच्या जाहिराती घेतात, म्हणून लग्नवाले. मी वर्तमानपत्राच्या या कचेरीत तेवीस वर्षं निधनाच्या नोटिसा घेते, म्हणून माझ्या माघारी मी निधनबाई. गुरुवारी माझी आई गेली. मी रजेवर, त्यामुळे शनिवारी सकाळी मामा तिची नोटीस घेऊन आला ती लग्नवाल्यांच्या हाती पडली. त्यांनी लगेच मला फोन करून बोलावून घेतलं.

"निवृत्त परिचारिका," त्यांनी खालच्या आवाजात वाचलं, "यांचे अल्पशा आजाराने निधन. त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, दोन भाचे व एक मानसकन्या असा परिवार आहे."

मानसकन्या. मनानं मानलेली. म्हणजे सोयीनं मानलेली, आणि सोयीनं नाकारता येणारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि अल्पसा आजार म्हणे! दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती ती. तिला कुशीवर वळवायला या परिवारातलं एकजण फिरकलं नाही.

मी तिथूनच मामाला फोन लावला.

"मामा, हे काय लिहिलंस?"

"अगं, चांगला शब्द आहे की. चार जाणत्या माणसांना विचारून लिहिला."

"आईनं मला कोर्टातून दत्तक घेतलंय. साडेतीन वर्षांची होते. मी तिची मुलगी आहे."

"ते आपल्याला माहीत आहे गं. पेपर सगळं गाव वाचतं. ताईनं लग्न केलं नव्हतं. नुसतं मुलगी छापलं, तर लोक मागे काय काय जोडतील? गेलेल्या माणसाची अब्रू जपायची की नाही?"

"ती बेचाळीस वर्षं सगळ्यांना 'ही माझी मुलगी' म्हणून सांगत होती. तेव्हा नाही गेली ती अब्रू?"

"आवाज चढवू नकोस. तिनं तुला घर दिलं, शिकवलं. उपकाराची थोडी तरी जाण ठेव."

मी फोन ठेवला. याच मामानं मला सायकल शिकवली होती. माझ्या मागे सीट धरून पळताना त्याची चप्पल तुटली होती, तरी तो पळत राहिला होता. परक्यानं हे लिहिलं असतं तर मी दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. इथे ते होईना.

"मी खोडतो तो शब्द," लग्नवाले म्हणाले.

"नाही. ज्यानं सही केली त्यानंच बदलायचं."

हा नियम मीच मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीवर चिकटवला आहे. मामा काही येणार नव्हता आणि रविवारचा अंक सहा वाजता बंद होणार होता. मी तणतणत बाहेर पडले. तीनला गटाची वेळ होती.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी आम्ही सात-आठजण जमतो. सगळी दत्तक गेलेली, सगळी चाळिशीच्या पुढची. एक समुपदेशक बाई असतात. आईचं आजारपण सुरू झालं तेव्हापासून मी जाते. तिथे मी स्वतःबद्दल अवाक्षर काढत नसे. मला काही त्रास नाही, मी आपली चहाला येते, असं म्हणायची आणि मग तासभर आईबद्दलच बोलायची.

त्या दिवशी मात्र मी दारातूनच सुरू झाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मृदू आवाजात म्हणाल्या, "हा राग कागदावर उतरवून बघा."

"तेवीस वर्षं कागदावरच उतरवतेय की! दुसऱ्यांचं! आता माझ्या आईच्या कागदावर मला जागा नाही, आणि तुम्ही मला आणखी कागद देताय?"

मग बसच्या गॅरेजात काम करणारा आमचा मेकॅनिक खुर्चीत पुढे सरकला. हा माणूस एरवी तासाला दोन वाक्यं बोलतो.

"नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्या खिडकीवर आलो होतो," तो म्हणाला. "माझे वडील गेले होते. काकानं नोटीस दिली होती, त्यात पुतणे होते, मी नव्हतो. मी म्हटलं, मी मुलगा आहे, माझं नाव घाला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, सही करणाऱ्याला घेऊन या."

मी आठवून पाहिलं. काही म्हणजे काही आठवेना.

"दोन वर्षं समोर बसताय. बोलला नाहीत कधी?"

"म्हटलं, येईल कधीतरी तुमच्या ध्यानात."

"चुकलं माझं," मी म्हणाले. ते इतकं तोकडं वाटलं, की मला माझीच चीड आली. "एक सांगते. वेगळी नोटीस देता येते. नातं माहीत असलेले दोन साक्षीदार आणले, तर कुणालाही देता येते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" त्याचा आवाज चढला. सगळी खोली दचकली.

"आपणहून मी कुणालाच सांगत नाही. एका माणसाच्या दोन नोटिसा छापल्या, की घर फुटल्याचं गावभर होतं, भांडणं खिडकीवर येतात. मला कटकट नको होती."

तो उठला आणि टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

"राग आहेच माझा," तो म्हणाला. "तो राहील. चला, सहा वाजतील. तुमची नोटीस राहायची."

आमच्यातली शिवणकाम करणारीही पिशवी उचलून निघाली. मी तिला म्हटलं, "तुम्ही दोघांनीही आईला कधी पाहिलं नाही. सही कशी कराल?"

"भांडताभांडता तुमचं मनगट धरून नाडी मोजायच्या, त्याच ना? चांगली ओळखते मी त्यांना."

साडेपाचला आम्ही खिडकीशी पोचलो. तेवीस वर्षांत प्रथमच मी गजांच्या या बाजूला उभी होते. लग्नवाल्यांनी अर्ज पुढे केला, मी मजकूर लिहून दिला आणि रीतीप्रमाणे त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "निवृत्त परिचारिका यांचे दोन वर्षांच्या आजारानंतर निधन. त्यांच्या पश्चात मुलगी, भाऊ, भावजय व दोन भाचे असा परिवार आहे."

"भावाचं नाव कशाला?" मेकॅनिक उसळला. "त्यानं घातलं तुमचं?"

"त्याच्यावर मी मरेपर्यंत चिडून असेन. पण तो तिचा भाऊ आहे. तिच्या माणसांतलं एकही मी कमी करणार नाही."

तो पुटपुटला, पण त्यानं सही केली. शिवणकामवालीनंही केली. मग लग्नवाल्यांनी प्रतींमधले कार्बन पुन्हा नीट बसवले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "मृत व्यक्तीशी नातं, तेवढं तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं. पेन सगळी ताकद लावून दाबलं. लग्नवाल्यांनी प्रती सुट्या केल्या, एक छपाईसाठी, एक दप्तरासाठी, आणि तळची माझ्या हातात दिली. तळच्या प्रतीवर कधी काही धड उमटत नाही, लोक नेहमी तक्रार करतात. त्या दिवशी तिच्यावरचं 'मुलगी' लांबूनही वाचता येत होतं.