एका हिवाळ्याचा पास

लक्ष्मणरावांनी आल्याचा काढा गाळून थर्मासमध्ये ओतला, झाकण घट्ट फिरवलं आणि थर्मास उलटा धरून गळत नाही ना ते पाहिलं. मग तो कापडी पिशवीत उभा ठेवला. शेजारी मऊ भाताचा डबा आणि दोन मोसंबी.

"जाऊ नका म्हणते ना मी," गंगूबाई ओट्यापासून म्हणाल्या. "औंदाचा ताप वंगाळ आहे. आपल्या गल्लीत घराआड एक माणूस पडलंय."

"केशव एकटा आहे तिथं गौलीगुड्यात. सून माहेरी, पोरगा ड्यूटीवर. पाणी कोण देईल त्याला? तू?"

"त्याचा ताप तुम्ही घरी घेऊन याल."

"मी? नक्को फिकर करू." लक्ष्मणरावांनी शर्टाची डावी बाही वर सारली आणि दंडावर थाप मारली. "आपल्याजवळ पास आहे. लाइफटाइम. लेकीच्या कंपनीचा."

समोर टेबलाशी त्यांची लेक भाग्यलक्ष्मी अंबाडीच्या भाजीशी भाकरी खात होती. रविवारी ती आईवडिलांकडे नल्लकुंट्याला यायची. तिचा हात ताटातच राहिला.

लक्ष्मणरावांची सगळी नोकरी हैदराबादच्या सिटी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. केशवराव त्यांचे जोडीदार. एक पुढच्या दारानं चढायचा, दुसरा मागच्या. पास हातात आला की लक्ष्मणराव तो खिडकीकडे धरून तारीख वाचत. तारीख गेलेली असली की माणूस कोण आहे हे ते बघत नसत. स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी भर दुपारी कोटीच्या स्टॉपवर उतरवलं होतं, आणि गंगूबाई तो किस्सा दर दिवाळीला भावाच्या समोर उगाळत.

"माझ्या भावाला नाही सोडलं," त्या आताही पुटपुटल्या. "आणि स्वतः मात्र फुकटच्या पासावर हिंडायचं."

"फुकटचा कसा? पोरीला शिकवलं त्याचा आहे."

ते चप्पल शोधायला लागले. भाग्यलक्ष्मीला ठाऊक होतं की तो पास संपलाय. एवढंच म्हणायचं होतं: दादा, तो पास संपलाय. तारखेची भाषा त्यांच्याइतकी कुणाला कळली नसती. पण त्यांनी लगेच मान वर करून विचारलं असतं, मग नवा का नाही काढलास?

"मफलर घ्या, दादा," ती म्हणाली.

त्यांनी मफलर घेतला. पिशवी सांभाळत जिना उतरले आणि खालून नेहमीसारखी हाक दिली, "भाग्ये, मी येईपर्यंत जाऊ नको गं!" ती मात्र ते यायच्या आधीच निघून गेली.

आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. भाग्यलक्ष्मीची कंपनी लशी करायची. शामीरपेटच्या रस्त्याला माळावर तिची काचेची नवी इमारत उभी राहिली होती. परदेशी भागीदार आले होते आणि पुण्यामुंबईची शिकलेली माणसं हैदराबादेत घरं शोधत होती. भाग्यलक्ष्मीच्या विभागात कोंबडीच्या अंड्यांमध्ये फ्लूचा विषाणू वाढवत आणि तो कसा बदलतो ते बघत. तिथं सगळे तिला लक्ष्मी म्हणत. नाव तिनंच आखूड करून घेतलं होतं. तिचं मराठीही तिथं वेगळं असायचं, पुस्तकातून आलेलं, इस्त्री केलेलं. ती पुस्तकंही लक्ष्मणरावांनीच रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरून निवडून आणलेली.

त्या हिवाळ्यात कंपनीनं, स्वतःची तयार नव्हती म्हणून, बाहेरून फ्लूची लस मागवली आणि कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांनाही बोलावलं. गंगूबाईंनी सुईचं नाव ऐकूनच हात जोडले. लक्ष्मणराव मात्र निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ घालून आले. कॅन्टीनमध्ये रांग होती. त्यांची पाळी आली तसे ते बसमधल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाब, एक डाव टोचलं की जिंदगीभराची फिकर मिटली ना? का पुन्हा यायलाच लागतंय?"

डॉक्टर तेलुगू. त्यांनी अर्थासाठी भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं. मागे तिच्या विभागातला पुण्याचा मंदार खिडकीकडे वळला, हसू दिसू नये म्हणून. विभागातलीच ईशा भाग्यलक्ष्मीच्या कानाशी आली. "किती गोड बोलतात गं तुझे बाबा! अगदी पिक्चरमधल्यासारखं."

भाग्यलक्ष्मीचे कान तापले.

"हो, दादा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एकदाच. चला आता, रांग खोळंबलीय."

"म्हणजे लाइफटाइम पास!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं लक्ष्मणरावच हसले, आणि जाताना मंदारशी हात मिळवून गेले.

या हिवाळ्यात कंपनीनं पुन्हा घरच्यांची नावं मागितली. विषाणू पुष्कळ बदललाय, मागच्या वर्षीची लस त्याला ओळखायची नाही, हे विभागात सर्वांत आधी भाग्यलक्ष्मीनंच पाहिलं होतं. तिनं आपल्या दंडावर लस टोचून घेतली. वडिलांचं नाव दिलं नाही.

केशवरावांचा ताप उतरला आणि लक्ष्मणरावांना चढला. आधी अंग दुखलं, मग छाती भरली. दवाखान्यात श्वासाची नळी घालायच्या आधी त्यांनी नर्सला खुणेनं दंड दाखवला, जणू तिनंही तो पास एकदा बघून घ्यावा. संक्रांत त्यांनी पाहिली नाही.

तेरावा झाला तरी केशवराव आले नव्हते. आले ते त्यानंतर एका संध्याकाळी. हडकले होते. बोलावूनही आत येईनात, उंबऱ्याशीच खुर्ची ओढून बसले. गंगूबाईंनी चहा दिला, तो त्यांनी हातातच धरला.

"मी नेलं त्याला, वहिनी," ते म्हणाले. "माझ्याच घरून ताप घेऊन आला तो."

"असं बोलू नका, भाऊजी. तुमचा काय कसूर? सुई घेतलेली होती तरी गेले. आता याला नशीब नाही तर काय म्हणायचं?" गंगूबाई लेकीकडे वळल्या. गेले काही दिवस आल्यागेल्याला त्या हेच सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यात भर घालत होत्या की सुईनंच एवढे दिवस तरी दिले. "सांग गं तू यांना. तुझं तर कामच ते."

भाग्यलक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती. नुसती शास्त्रातली गोष्ट सांगायची होती, आणि ती तिला येत होती.

"काका, हा विषाणू बहुरूप्यासारखा असतो," ती म्हणाली. "स्वतःसारखेच हजारो तो करत सुटतो आणि त्या घाईत चुका करतो. बऱ्याच चुका वाया जातात. एखादीनं त्याचं तोंड बदलतं. आपलं शरीर त्याला तोंडावरून ओळखतं. लशीनं मागच्या साली दाखवलं ते तोंड या साली राहिलेलंच नसतं."

"अंगच सगळं बदलतंय का त्याचं?"

"नाही. तोंडाच्या खाली देठासारखा एक भाग असतो. तो फारसा बदलत नाही. पण शरीराचं लक्ष तोंडाकडेच जातं. तो देठ ओळखायला शिकवील अशी लस जगभर शोधतायत. आम्हीपण. ती सापडली तर दर वर्षी टोचायला नको."

"सापडली नाही अजून."

"नाही."

केशवरावांनी मान हलवली. चहावर साय धरली होती.

"म्हणजे ह्याचा पास सालभराचा," ते म्हणाले. "नवीन साल, नवीन पास."

"हो."

"मग लक्ष्मणचा संपलेला होता."

खाली रस्त्यावर भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला.

"त्याला ठाऊक होतं हे?" केशवरावांनी विचारलं.

"ठाऊक नसायला काय झालं?" गंगूबाईच म्हणाल्या. "लेक त्याच कामावर. सांगितल्याशिवाय राहील का ती?" आणि बोलता बोलता त्या थांबल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे ठाऊक असून गेले! मी नको नको म्हणतेय, आणि हे मला दंड दाखवून हसतायत. मला भ्या वाटू नये म्हणून. असेच होते बघा ते. स्वतःचं कधी बघितलंच नाही त्यांनी." त्यांनी पदर डोळ्याला लावला, पण त्या पदराआड त्या जवळजवळ हसत होत्या.

केशवरावांनी कप जमिनीवर ठेवला.

"जाणून आला?" ते म्हणाले. "मी त्याला बोललो होतो, वहिनी. लक्ष्मण, जा रे, तुला लागंल. त्यानं बाही वर केली. मला वाटलं, मजाक करायलाय." ते दोन्ही तळवे गुडघ्यांवर वरखाली घासत राहिले. "मग मी दार लावून का नाही घेतलं? जाणून आला असंल तर हे ओझं मला उचलायचं नाही. ह्या जन्मात नाही."

"तसं नका म्हणू, भाऊजी. भाग्ये, सांग ना. सांगितलं होतंस ना तू त्यांना?"

गंगूबाई तिच्याकडे बघत होत्या. डोळे ओले, आणि त्यात एक आशा. भिंतीवर लक्ष्मणरावांचा नोकरीतला फोटो होता, टोपी घातलेला. हार अजून ताजा होता. हो, एवढंच म्हणायचं होतं. कॅन्टीनमध्येही एवढंच म्हणायचं होतं, आणि तेव्हाही ते म्हणून टाकणंच सगळ्यात सोपं होतं.

भाग्यलक्ष्मी भिंतीपासून सरली आणि केशवरावांच्या खुर्चीपुढं खाली फरशीवर बसली.

"नाही, काका," ती म्हणाली. पुस्तकातलं मराठी तिच्या तोंडून गळून गेलं होतं. "दादांना ठाऊक नव्हतं. ते जाणून नाही आले तुमच्याकडं. त्यांनी विचारलं होतं मला, एकदाच टोचायचं ना म्हणून. मी हौ बोलले. चार लोकांत त्यांच्या बोलण्याची मला शरम आली. पुन्हा तिथं येऊ नयेत म्हणून औंदा मी त्यांचं नावच नाही दिलं. तुमच्याकडं निघाले तेव्हा मी इथंच बसले होते, आई, ह्याच टेबलाशी, भाकर खात. पास संपलाय हे मला ठाऊक होतं. मी बोलले, मफलर घ्या."