पडद्याची डावी कड

"साहेब, तुम्ही माझ्या बाबांना आंधळं ठरवलंत, आणि ठरवताना मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत."

सोमवारी डेपोच्या मोठ्या साहेबांच्या तोंडावर फेकायचं हे वाक्य ठमी मनातल्या मनात घोळवत होती आणि गळ्यातली टेप काढून दुकानातला वाकलेला मॉनिटर मोजत होती. शिवणकाम करणारीचा हात तो, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आधी तिने टेप या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ ताणली, मग पडद्याच्या वळणावर बसवून पुन्हा मोजलं.

"ताई, सदरा शिवताय का त्याला?" विक्रेत्याने विचारलं.

"शिवेन. आधी टेबलावर मावू दे."

बाबा मागे गालातल्या गालात हसले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते, पाहुणे म्हणून आल्यासारखे.

त्यांनी उभी हयात बस चालवण्यात घालवली होती. मग एके दिवशी डेपोने त्यांना खाली उतरवलं आणि सुट्या भागांच्या खिडकीत नेऊन बसवलं. कारण काय, तर बाजूची नजर कमी. एवढंच. म्हणजे काय, किती, कशामुळे, कुणी समजावलं नाही. बाबांनी विचारलं नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हता. ठमीचं मत पक्कं होतं: ड्रायव्हर कमी करायचे होते, नजरेचं नुसतं निमित्त. कारण घरी तिच्या जुन्या लहान मॉनिटरवर, कुणाकडून तरी घेतलेलं वापरलेलं स्टेअरिंग लावून बाबा बसचा गेम खेळायचे, आणि अख्ख्या शहरातून गाडी फिरवून आणली तरी कुठे साधा धक्का लागायचा नाही. तिने त्याचं चित्रण करून डेपोत नेऊन दाखवलं होतं. तिथला कारकून हसला. म्हणाला, यात बाजूचे आरसेच दिसत नाहीत, बाई. आरशांशिवाय कसली बस?

बरं, मग आरसे दाखवते, म्हणाली ती. दोन्ही.

म्हणून हा रुंद, वाकलेला पडदा. विक्रेत्याने आधी दाखवला तो चांगलाच महाग होता, त्याच्याकडे तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसरा स्वस्त होता, पण वळण नावालाच, कडेचा आरसा लांब गेल्यासारखा वाटायचा. तिसरा दुकानात मांडून ठेवलेला होता, स्टँडला ओरखडा पडलेला, म्हणून किंमत उतरलेली. त्याचं वळण छान खोल होतं. विक्रेता मात्र पहिल्याचंच घोडं पुढे दामटत राहिला. त्यात चित्र एका सेकंदात कितीतरी जास्त वेळा बदलतं, वेगवान गेमला तोच घ्यावा, वगैरे.

"अहो, मला बस चालवायचीय," बाबा म्हणाले. "उडवायची नाहीये."

तिसराच लावून बघायचं ठरलं, घरून आणलेलं स्टेअरिंग आणि बसचा गेम जोडून. ठमीने फोन बाहेर काढला आणि चित्रण सुरू केलं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, स्टेअरिंगवर हात ठेवण्याआधी तळवे पँटला पुसले. खऱ्या बसमध्येही ते असंच करायचे. लहान असताना ती त्यांच्या डावीकडे, इंजिनाच्या झाकणावर बसायची. झाकण गरम असायचं, म्हणून बाबा तिच्याखाली स्वतःचं जाकीट घालायचे.

बस निघाली. पडद्यावर दोन्ही आरसे होते. बाबा मान वळवून एक पाहायचे, मग दुसरा. थांबा आला, गाडी कशी अलगद टेकली. विक्रेतासुद्धा बोलायचा थांबला. ठमीला वाटलं, बघा साहेब, डोळे असतील तर बघा.

पुढच्या चौकात डाव्या गल्लीतून एक सायकलवाली निघाली. मागे कॅरियरवर पोर. घरच्या लहान पडद्यावर जी कड नव्हतीच, त्या डाव्या कडेला ती चांगली ठळक दिसत होती. बाबा समोर बघत होते. त्यांनी ब्रेकवर पाय नेला नाही. बस तिच्यावरून गेली.

"अरेच्चा, ब्रेक उशिरा लागला वाटतं," विक्रेता म्हणाला.

"कशाला ब्रेक?" बाबांनी विचारलं. "सिग्नल हिरवा होता."

ठमीने फोन खाली घेतला. चित्रण बंद केलं. ती बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. टेपचं टोक चिमटीत धरून तिने हात त्यांच्या कानापाशी नेला आणि सावकाश पुढे आणू लागली. टेप पिवळीजर्द होती. ती गालाजवळून पुढे आली, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रेषेत आली, आणखी पुढे गेली. बाबा बस चालवत होते. एका म्हातारीला त्यांनी नीट चढवून घेतलं, दार लावलं. टेप जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा ते दचकले.

"काय गं हे?"

तिचा हात तिथेच राहिला. बाबांनी आधी टेपकडे पाहिलं, मग वळून तिच्या चेहऱ्याकडे. मग तिचाच हात धरून मागे नेला, समोर नजर लावली, आणि स्वतः पुढे आणला. दोनदा केलं. मग गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले.

विक्रेता भला माणूस. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काहीतरी निमित्त काढून तो बाजूला झाला.

"हा नको," ठमी म्हणाली. "महागच आहे तसा. घरचा आहे तोच बरा."

"ओरखड्याचा ना? महाग कुठाय." बाबांचा आवाज शांत होता. "सायकल होती का?"

"होती."

"एकटी?"

ठमीने होकारार्थी मान हलवली. मग तिला ते खोटं रेटवेना. "मागे पोर होतं," ती म्हणाली.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे बस उभी होती, आतले प्रवासी निवांत.

"बाबा, तुमच्या हातून कुणाला काही झालं नाही. कधीच नाही."

"ती माझी पुण्याई नव्हे, ठमे. समोरच्याचं दैव." त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पायाने ओढून आपल्या डाव्या हाताला लावली. "हाच घेऊ. तू इथे बस. डावीकडचं तू सांगत जा."

ती बसली. बाबांनी अंगातलं जाकीट काढलं, कुठे ठेवावं हे सुचेना, शेवटी तिच्याच मांडीवर ठेवलं.

"सोमवारचं मी रद्द करते," ती म्हणाली.

"कशाला? जायचं. मी पण येतो." हँडब्रेक त्यांनी खाली केला. "डेपोवाले दरवर्षी भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायचे. समोरची. दरवर्षी उत्तम म्हणून शिक्का मारायचे आणि भरलेली गाडी हातात द्यायचे. त्या शेवटच्या तपासणीपर्यंत बाजूला बोट धरून एकानेही पाहिलं नाही. गाडी का काढून घेतलीत, हे विचारू नकोस त्यांना."

"मग काय विचारू?"

"इतकी वर्षं दिलीत कशी, ते विचार. आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. बघ, डावीकडे कुणी आहे?"