मी जपलेल्या दोन बाटल्या

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. माझा निळा रंग उडाला आहे, एक कडी तुटली आहे, तिच्या जागी सुतळी बांधली आहे. पण झाकण घट्ट बसलं की आतला गारवा हलत नाही, ही माझी ऐट अजून कायम आहे.

कारखान्यातून मी एका गॅरेजवाल्याच्या घरी आले. सहलीला निघताना आधी मला गाडीत ठेवत, मग माणसं बसत. थंड पाणी पिऊन सगळे माझं कौतुक करीत. पुढे सहली थांबल्या आणि मी माळ्यावर गेले. सात वर्षं माझ्यात जुने स्वेटर कोंबलेले होते. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

मग गॅरेजवाल्याच्या धाकट्या मुलीला, छोटीला, मधुमेह झाला. तिला रोज इन्सुलिनची सुई लागू लागली आणि प्रवासात ते औषध उन्हापासून वाचवायला माझी आठवण झाली. छोटीची आई औषधाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळूनच माझ्यात ठेवायची, कारण बर्फाला टेकून ते गोठलं तर वाया जातं.

त्या उन्हाळ्यात आम्ही लांबच्या प्रवासाला निघालो. वाटेत समुद्रकाठच्या शहरात आत्याकडे एक मुक्काम होता. तिथली हवा इतकी दमट, की खिडकीचे गज गंजलेले आणि चादरीही ओलसर. आत्या शिवणकाम करायची. तीन वर्षांनी आलेल्या भावाला कुठे ठेवू नि कुठे नको, असं तिला झालं होतं. रात्रीची सुई झाल्यावर तिने मला घासून स्वयंपाकघराच्या दाराशी उपडं ठेवलं आणि दोन्ही बाटल्या फ्रीजरमध्ये टाकल्या. जितकं गार तितकं चांगलं, असं तिला वाटलं.

पहाटे त्या दगडासारख्या झाल्या होत्या. आत्याने चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, 'गोठवू नये'. तिने बाटल्या मुठीत धरून वितळवल्या. औषध पूर्वीसारखंच दिसत होतं. तिने त्या टॉवेलात गुंडाळल्या आणि नवा बर्फ भरून माझ्यात ठेवल्या.

"ताई, औषध कुठे ठेवलंत?" छोटीच्या आईने उठल्यावर विचारलं.

"पेटीतच आहे की," आत्या म्हणाली.

तिच्यादेखत छोटीला सुई दिली गेली. आत्या काही बोलली नाही. मी तर बोलूच शकत नव्हते.

दुपारी गाडीत छोटी सारखं पाणी मागू लागली. आईने बोटातलं रक्त तपासलं. साखर भलतीच वाढली होती. तिने दुसऱ्या बाटलीतून सुई दिली. तरी आकडा चढतच गेला. मग छोटीला उलट्या सुरू झाल्या.

"औषध उन्हाने बिघडलं का?" बाबांनी विचारलं.

आईने माझ्यात हात घातला. "नाही हो, पेटी चांगली गार आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या गारव्याची किळस आली. माझ्यावर विश्वास ठेवून ती भलतीच कारणं शोधत राहिली. छोटीची मान आईच्या मांडीवर कलंडली आणि आई तिला हाका मारू लागली. मी आत जीव तोडून ओरडत होते. बाहेर फक्त सुतळी हलत होती.

तेवढ्यात फोन वाजला. आत्या होती.

"दादा, ते औषध देऊ नका. माझ्या हातून गोठलं होतं. सकाळी माझं तोंड उघडलं नाही रे."

बाबांनी तडक गाडी दवाखान्याकडे वळवली.

छोटी तीन दिवसांनी घरी जायला निघाली. आत्या तिन्ही दिवस दवाखान्यातल्या बाकावर बसून होती. आई तिला एवढंच म्हणाली, "ताई, फोन केलात म्हणून ती आहे. पण सकाळीच सांगायचं होतंत."

मित्रांनो, माझी कडी दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. सुतळीवर माझं भागतं. वाया गेलेलं औषध मी दिवसभर जिवापाड जपलं, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. हातून चूक झाली तर लगेच सांगा, गाडी निघण्याआधी सांगा.